‘अप टू डेट’ म्हणजे नेमके कधीपर्यंत?

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर दोन माता शेजारी शेजारी बसल्या आहेत, असे समजू. एकीचे बाळ अकरा आठवड्यांचे आहे आणि दुसरीचे सोळा आठवड्यांचे. दोघींच्या हातांतल्या माता व बाल संरक्षण कार्डावर पेंटाव्हॅलेंट लसीच्या दोनच डोसांपुढे तारखा पडलेल्या आहेत. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे ही लस बाळाला ६, १० आणि १४ आठवडे पूर्ण झाल्यावर, अशी तीन वेळा द्यायची असते. त्यामुळे या लसीपुरते बोलायचे तर पहिल्या बाळाचे लसीकरण ‘अप टू डेट’ आहे आणि दुसऱ्याचे नाही. डोस दोघांचे सारखेच झाले, तरी आजच्या तारखेला जेवढे व्हायला हवे होते तेवढे पहिल्याचे झालेले आहे आणि दुसऱ्याचा एक डोस मागे राहिलेला आहे.

या साध्या इंग्रजी शब्दप्रयोगाचा खरा गाभा या दोन कार्डांत दिसतो. शब्दकोशात पाहिले तर ‘आधुनिक’, ‘नवीन’, ‘ताजा’, ‘अद्ययावत’ असे अर्थ ओळीने मिळतात. ते चुकीचे नाहीत, पण ते वाचून आपण ‘अप टू डेट’ला ‘नवा’ या शब्दाचा जुळा भाऊ समजतो आणि तिथून पुढे लिहिण्याबोलण्यात गोंधळ सुरू होतो. ‘अप टू डेट’ हा शब्द मुळात नवेपणाविषयी फारसे काही सांगत नाही. अमुक तारखेपर्यंत जे व्हायला हवे होते, नोंदवायला हवे होते किंवा कळायला हवे होते, ते सगळे झालेले आहे आणि मध्ये काही राहिलेले नाही, एवढेच तो सांगतो. पहिल्या बाळाचा तिसरा डोस अजून बाकी आहे, पण त्याची वेळच आलेली नसल्यामुळे ती बाकी थकबाकी ठरत नाही.

शब्दप्रयोगाची फोड करून पाहिली तर हा अर्थ सहज हाती लागतो. ‘अप टू’ म्हणजे ‘पर्यंत’, आणि त्यातल्या ‘अप’मुळे मागून चढत चढत नेमक्या एका रेषेपाशी येऊन पोहोचण्याचा भाव त्यात उतरतो. ‘डेट’ म्हणजे तारीख, आणि येथे आजची तारीख. ‘डेट’ या शब्दाचा उगम मोठा रोचक आहे. रोमन लोक पत्र लिहून झाल्यावर ते कुठे आणि कधी जासुदाच्या हाती दिले हे नोंदवत, आणि त्या नोंदीची सुरुवात ‘दाता’ या लॅटिन शब्दाने होत असे. ‘दाता रोमाए’ म्हणजे ‘रोम येथे दिलेले’, आणि त्यापुढे दिवस. या ‘दिलेले’ अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘डेट’ आला आणि देण्याचा अर्थ मागे पडून केवळ तारखेचा अर्थ उरला. हा लॅटिन धातू आणि आपल्या संस्कृतातला ‘दा’ धातू एकाच आदिम मुळातून आलेले आहेत, म्हणून ‘दान’, ‘दत्त’ आणि ‘डेट’ ही लांबची भावंडे ठरतात. ‘डेटा’ हा शब्दही याच घरातला आहे, कारण त्याचा मूळ अर्थ ‘दिलेल्या गोष्टी’, म्हणजे गृहीत धरायला दिलेली माहिती, असा होतो. खजूर या अर्थाचा इंग्रजी ‘डेट’ मात्र वेगळा असून तो बोटासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे.

‘अप टू डेट’ हा पूर्ण शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत रुळला आणि तो बहुधा हिशेबाच्या वह्यांतून आला असावा, असे मानले जाते. मला हे मत मनापासून पटते, कारण या शब्दाचा अर्थ मी शाळेत नव्हे, तर हिशेबाच्या टेबलापाशी शिकलो. उमेदवारीच्या काळात एका पतसंस्थेत मी जमाखर्चाचे काम शिकत होतो. दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत उतरत आणि कीर्दीवरून प्रत्येक सभासदाच्या नावाने खतावणीत नोंदी घ्याव्या लागत. संध्याकाळी तिथले ज्येष्ठ हिशेबनीस माझ्याजवळ येऊन एकच प्रश्न विचारत : “खतावणी कुठपर्यंत आली?” मी “झाली” असे म्हणालो की ते पुन्हा विचारत, “अरे, झाली म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत?” तारीख सांगितल्याशिवाय त्यांना उत्तर मिळाल्यासारखे वाटत नसे. मग ते माझ्या शेजारी बसून शेवटच्या नोंदीखाली पट्टी धरून लाल शाईची रेघ ओढत, रेघेखाली ‘आजअखेर बाकी’ लिहीत आणि त्यापुढे तारीख घालत. त्या लाल रेघेच्या वर एकही व्यवहार नोंदवायचा राहिलेला नाही, असे ते वचन असे. वही पंधरा वर्षांची जुनी, पाने पिवळी पडलेली आणि पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले असले तरी ती ‘अप टू डेट’ होती. उलट नवी कोरी वही कपाटात आली आणि तिच्यात तीन दिवसांचे व्यवहार चढवायचे राहिले, तर ती नवी असूनही ‘अप टू डेट’ नव्हती.

आता वापराकडे वळू. इंग्रजीत लिहिताना पहिली अडचण जोडरेघेची येते. हा शब्दप्रयोग नामाच्या आधी विशेषण म्हणून आला, तर त्याचे तिन्ही तुकडे जोडरेघांनी बांधतात : ‘ॲन अप-टू-डेट लिस्ट’. तोच क्रियापदानंतर आला, तर बहुतेक शैलीपुस्तिका जोडरेघा काढून टाकायला सांगतात : ‘द लिस्ट इज अप टू डेट’. कारण सरळ आहे. नामाच्या आधी हे तीन शब्द मिळून एकच विशेषण बनलेले असते आणि वाचणाऱ्याला ते एका दमात वाचता यावे लागते. वाक्याच्या शेवटी ही अडचण उरत नाही. तिन्ही शब्द सलग चिकटवून एकच शब्द करण्याची रीत प्रमाण इंग्रजीत नाही. तुलना करायची असेल, तर ‘मोअर अप-टू-डेट’ आणि ‘मोस्ट अप-टू-डेट’ अशी रूपे चालतात.

क्रियापदांपैकी तीन क्रियापदे या शब्दप्रयोगाची नेहमीची सोबती आहेत, आणि प्रत्येकाबरोबर अर्थाची छटा बदलते. ‘बी’बरोबर तो स्थिती सांगतो. ‘ब्रिंग’बरोबर तो मागे पडलेले काम ओढून आजपर्यंत आणण्याची क्रिया सांगतो. ‘कीप’बरोबर तो मागे पडूच न देण्याची सवय सांगतो. या तिन्ही रचना वस्तूंना लागतात तशाच माणसांनाही लागतात. पंधरा दिवसांच्या रजेनंतर कामावर परतलेल्या सहकाऱ्याला दरम्यान काय काय घडले ते सांगणे, म्हणजे त्याला ‘ब्रिंग अप टू डेट’ करणे. कर्जाचे सगळे हप्ते वेळच्या वेळी भरलेल्या माणसाविषयी ‘ही इज अप टू डेट विथ हिज पेमेंट्स’ असे म्हणतात. त्याचे कर्ज फिटलेले नसते, आणखी दहा वर्षे चालायचे असते, पण आजपर्यंतचा एकही हप्ता थकलेला नसतो. बाळाच्या लसींचे तत्त्व येथेही तसेच लागू पडते. बातम्या, काम आणि हप्ते यांच्यासाठी ‘विथ’ हे अव्यय सहज येते. लसीकरण किंवा एखाद्या विषयाची माहिती यांच्यासाठी ‘ऑन’ही पुष्कळदा वापरले जाते.

‘अप टू डेट’च्या जवळपासचे शब्द त्याच्या जागी सर्रास ठेवले जातात, आणि खरे घोटाळे तिथेच होतात. ‘अपडेटेड’ हा त्यातला सर्वांत फसवा शब्द. ‘अपडेट’ हे क्रियापद ‘अप टू डेट’वरूनच, विसाव्या शतकाच्या मध्याला घडवले गेले, म्हणजे ते या शब्दप्रयोगाचे अपत्य आहे. पण ‘अपडेटेड’ म्हणजे कधीतरी सुधारणा केली, आणि ‘अप टू डेट’ म्हणजे आज काहीही राहिलेले नाही. एखाद्या कार्यालयातील दूरध्वनी क्रमांकांची यादी गेल्या दिवाळीत दुरुस्त केली असेल, तर ती ‘अपडेटेड’ आहे हे खरेच. पण त्यानंतर चार जणांच्या बदल्या झाल्या असतील, तर ती ‘अप टू डेट’ नाही. पहिला शब्द घडून गेलेली क्रिया सांगतो आणि दुसरा आत्ताची स्थिती सांगतो. यादीवर ‘सुधारित’ असा शिक्का पाहून आपण निश्चिंत होतो आणि नंतर चुकीच्या क्रमांकावर फोन लावत बसतो, त्याचे मूळ या फरकात आहे.

‘लेटेस्ट’ हा शब्दही असाच तपासून घ्यायला हवा. ‘लेटेस्ट’ म्हणजे उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत अलीकडचे, मग ते कितीही जुने असो. भारताच्या जनगणनेचे उदाहरण याहून चांगले सापडणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांहून अधिक भरली. पुढची गणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती लांबणीवर पडली. त्यामुळे २०२१ उलटून गेल्यावरही पूर्ण गणनेचा ‘लेटेस्ट’ आकडा म्हणून २०११ चाच आकडा द्यावा लागला. तो ‘लेटेस्ट’ होता, पण त्याला ‘अप टू डेट’ कोणीही म्हणू शकत नव्हते, कारण मधल्या वर्षांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतरे त्यात आलेली नव्हती. असा आकडा वापरायला हरकत नसते. फक्त त्याच्या शेजारी वर्ष लिहिले पाहिजे.

‘अपग्रेड’ हा तिसरा शब्द. यात ‘ग्रेड’ म्हणजे दर्जा आहे, तारीख नाही. असलेली गोष्ट आजपर्यंत आणली की ते ‘अपडेट’, आणि तिच्या जागी वरच्या दर्जाची गोष्ट घेतली की ते ‘अपग्रेड’. विरुद्धार्थी शब्दांतही असाच बारकावा आहे. मुदत संपलेला परवाना किंवा जुनी झालेली माहिती ‘आउट ऑफ डेट’ असते. जी पद्धतच आता कालबाह्य झाली ती ‘आउटडेटेड’ असते. आणि ‘डेटेड’ म्हटले की त्या वस्तूवर एका विशिष्ट काळाची छाप दिसते आणि त्यामुळे ती आज जुनाट वाटते.

मराठीत या शब्दप्रयोगाला ‘अद्ययावत’ हा प्रतिशब्द रुळला आहे, आणि तो इतका नेमका बसला आहे की तो वापरताना मला नेहमी समाधान वाटते. संस्कृतात ‘अद्य’ म्हणजे आज आणि ‘यावत्’ म्हणजे पर्यंत. ‘अद्ययावत’ म्हणजे शब्दशः ‘आजपर्यंत’. इंग्रजी शब्दातली ‘पर्यंत’ची रेघ आणि ‘आज’ची तारीख या दोन्ही गोष्टी त्यात आलेल्या आहेत. बोलण्याच्या ओघात यातला एक ‘य’ गिळला जातो, म्हणून पुष्कळ ठिकाणी ‘अद्यावत’ असे छापलेले दिसते. ते चूक आहे. ‘अद्य’मधला ‘य’ आणि ‘यावत’मधला ‘या’ असे दोन्ही लिहायला हवेत. शेवटच्या ‘त’चा पाय मात्र आपल्या लेखननियमांप्रमाणे मोडत नाहीत, जसा आपण तो ‘अर्थात’ किंवा ‘क्वचित’ लिहिताना मोडत नाही.

याच अर्थाचा दुसरा शब्द आपल्याकडे फारसी दप्तरांतून आला, तो म्हणजे ‘आजतागायत’. यातला ‘ता’ म्हणजे फारसीत ‘पर्यंत’ आणि ‘गायत’ म्हणजे अरबीत ‘शेवट’ किंवा ‘सीमा’. बोलीतला ‘आजवर’ आणि कचेरीतला ‘आजअखेर’ हेही त्याच पंक्तीत बसतात. गंमत अशी की हे तिन्ही शब्द आपण क्रियाविशेषणासारखे वापरतो, ‘आजतागायत उत्तर आले नाही’ असे म्हणतो, पण ‘आजतागायत यादी’ म्हणत नाही. यादीला विशेषण म्हणून लावायला ‘अद्ययावत’च लागतो. इंग्रजीत ‘टू डेट’ आणि ‘अप-टू-डेट’ यांच्यात जी कामाची वाटणी आहे, तीच मराठीने ‘आजतागायत’ आणि ‘अद्ययावत’ यांच्यात करून घेतली आहे.

असा नेमका शब्द हाताशी असताना तो आपण सैल होऊ देत आहोत, याची मला खंत वाटते. ‘अद्ययावत शस्त्रक्रियागृह’, ‘अद्ययावत सभागृह’, ‘अद्ययावत व्यायामशाळा’ असे शब्द जाहिरातींत आणि उद्घाटनांच्या बातम्यांत रोज भेटतात. लिहिणाऱ्याला तिथे ‘अत्याधुनिक’ किंवा ‘सुसज्ज’ म्हणायचे असते. इंग्रजीतही हा अर्थ ‘आधुनिक’पर्यंत ताणला गेला आहे, त्यामुळे दोष एकट्या मराठीचा नाही. तरीही माझी स्वतःची रीत अशी आहे की वास्तूसाठी ‘सुसज्ज’, यंत्रासाठी ‘अत्याधुनिक’ आणि यादी, नोंदवही, नकाशा किंवा माहिती यांच्यासाठीच ‘अद्ययावत’ लिहायचे. शंका आली तर त्या हिशेबनिसांचा प्रश्न विचारून पाहावा : कुठल्या तारखेपर्यंत? यादीला हा प्रश्न विचारता येतो आणि त्याला उत्तरही असते. सभागृहाला तो विचारताच येत नाही, म्हणून तिथे हा शब्द शोभत नाही.

मराठी बोलण्यात ‘अपटुडेट’ या रूपाने हा शब्द आणखी एका वाटेने गेला आहे. ‘आमचे आजोबा नेहमी अपटुडेट असत’ असे कोणी म्हणाले, तर आपल्या डोळ्यांसमोर कडक इस्त्रीचा सदरा, घडी न मोडलेले धोतर, नीट बसवलेली टोपी आणि पुसून लख्ख केलेल्या वहाणा येतात. आजोबांच्या कपड्यांची पद्धत पन्नास वर्षांपूर्वीची असली तरी चालते. इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शब्दाला ‘चालू फॅशनप्रमाणे राहणारा’ असा अर्थ आला होता. मराठीने त्यातली फॅशन सोडून दिली आणि नीटनेटकेपणा ठेवून घेतला. मराठीत तो सुंदर शब्द आहे आणि तो तसाच राहावा. फक्त इंग्रजीत बोलताना नीटनेटक्या माणसाला ‘अप टू डेट’ म्हटले, तर ऐकणारा त्याच्या माहितीविषयी किंवा फॅशनविषयी काही समजेल, कपड्यांच्या इस्त्रीविषयी नाही, एवढे लक्षात ठेवावे.

भारतीय इंग्रजीतल्या दोन रूपांविषयीही सांगायला हवे, कारण परदेशी पत्रव्यवहारात ती खटकतात. ‘अपडेशन’ हे नाम आपल्याकडच्या बँका आणि कार्यालये यांच्या सूचनांत सर्वत्र दिसते, पण भारतीय उपखंडाबाहेर ते जवळजवळ वापरले जात नाही. तिथे ‘अपडेट’ किंवा ‘अपडेटिंग’ पुरते. ‘टिल डेट’चेही तसेच आहे. ब्रिटन किंवा अमेरिकेत त्या जागी ‘टू डेट’ लिहितात. आपसांतल्या व्यवहारात ही रूपे सगळ्यांना कळतात, तेव्हा त्यांना अशुद्ध म्हणून हिणवण्याचे कारण नाही. परगावी जाताना कपडे बदलतो तशी ती बदलावीत.

भाषांतर करताना तर ‘अद्ययावत’लाही हट्टाने धरून बसू नये. ‘प्लीज कीप मी अप टू डेट’ याचे ‘कृपया मला अद्ययावत ठेवा’ असे भाषांतर मी छापलेले पाहिले आहे, आणि असे कोणताही मराठी माणूस बोलत नाही. तो म्हणतो, ‘मला कळवत राहा.’ हप्त्यांच्या बाबतीत ‘थकबाकी नाही’ असे आपण म्हणतो. अभ्यासाच्या बाबतीत आई विचारते, “आजपर्यंतचं सगळं लिहून झालं का?” बँकेच्या पासबुकाबाबत ‘पासबुक भरून आणले’ हे पुरेसे असते. हे सगळे ‘अप टू डेट’चेच अर्थ आहेत आणि प्रत्येकाला मराठीत आपापले स्वतंत्र घर आहे.

कुठल्या तारखेपर्यंत, हा प्रश्न कायद्यातही किती महत्त्वाचा ठरतो ते मतदार यादीत दिसते. यादी ‘अद्ययावत’ करायची म्हणजे कोणत्या दिवशी १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना त्यात घ्यायचे, हे आधी ठरावे लागते. त्या दिवसाला अर्हता दिनांक म्हणतात. पूर्वी असा एकच दिवस होता, १ जानेवारी. ज्याची अठरा वर्षे २ जानेवारीला पूर्ण होत, त्याला पुढच्या १ जानेवारीपर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर थांबावे लागे, आणि त्या काळात त्याचे नाव नसलेली यादीही नियमाप्रमाणे ‘अद्ययावत’च असे. २०२१ च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक झाले, आणि तोच तरुण आता १ एप्रिलच्या यादीसाठी पात्र ठरतो. यादी करणारी माणसे आणि तिच्यातला मजकूर यांपेक्षा रेघ कुठे ओढली, यावर तिचे ‘अद्ययावत’ असणे अवलंबून राहिले.

मोबाइलच्या पडद्यावर ‘युअर सिस्टिम इज अप टू डेट’ असे वाक्य येते, तेव्हाही ही रेघ शोधावी लागते. या वाक्याचा अर्थ एवढाच की कंपनीने तुमच्या या मॉडेलसाठी आजपर्यंत जे जे पाठवले, ते सगळे तुमच्या फोनमध्ये बसलेले आहे. कंपनीने त्या मॉडेलसाठी काही पाठवणेच तीन वर्षांपूर्वी थांबवले असेल, तरीही फोन हेच वाक्य दाखवू शकतो, आणि शब्दशः ते खरेच असते. त्याच पडद्यावर, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये, सुरक्षा अपडेटची तारीख बारीक अक्षरांत दिलेली असते. मोठ्या अक्षरांतल्या वाक्याचा नेमका अर्थ त्या बारीक अक्षरांतल्या तारखेवरून कळतो. ती तारीख गेल्या महिन्यातली असेल तर फोन निर्धास्तपणे वापरावा, आणि ती तीन वर्षांपूर्वीची असेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करण्याआधी विचार करावा.